दक्षिणेच्या गॅलरीत भाजी केव्हा आणि कशी लावावी

पुण्याच्या सहकारनगरमधील एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या चौथ्या मजल्यावर राहतात, घराला दक्षिणेकडे दहा फूट लांब व चार फूट रुंद गॅलरी आहे, आणि सोसायटीने गच्चीचा एक कोपरा वापरण्यास नुकतीच परवानगी दिली आहे. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी टोमॅटो व मिरचीची रोपे आणली आणि कोथिंबीर पेरली. कोथिंबीर विरळ उगवली व बोटभर वाढताच फुलावर गेली, टोमॅटोला फुले आली परंतु सगळी गळाली, आणि मिरचीची पाने आक्रसून गोळा झाली. दर आठवड्याला चमचाभर युरिया व रोज दोन वेळा पाणी देऊनही असे का झाले, आणि आता कोणती माती व कोणते खत आणावे, असे त्या विचारतात.

उत्तराचा गाभा प्रथमच सांगते, कारण तो प्रश्नात विचारलेल्या गोष्टींत नाही. आपली भाजी खत कमी पडल्यामुळे गेली नाही. ती चुकीच्या महिन्यात लावली गेली आणि पाणी जास्त मिळाल्यामुळे तिची मुळे गुदमरली. गेली २२ वर्षे मी एरंडवण्यातील एका गच्चीवर भाजी करते आहे, आणि पहिल्या तीन वर्षांत मीही हेच केले होते. थंडी संपत आली, हवा प्रसन्न झाली आणि रोपवाटिकेत हिरवीगार रोपे दिसू लागली, की आपल्याला बाग करण्याची हुक्की येते. पुण्यातल्या भाजीच्या दृष्टीने मात्र बहुतेक पिकांसाठी तो हंगाम सुरू होण्याचा नव्हे, तर आवरण्याचा काळ असतो.

दक्षिणेच्या गॅलरीचा विचार येथे बारकाईने करावा लागेल. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २१ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ४८ अंश उंचीवर असतो, आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन अगदी भिंतीपर्यंत येते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हीच उंची सुमारे ७१ अंश होते. वरच्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब जमिनीपासून दहा फुटांवर धरला, तर तेव्हा ऊन कठड्यापासून जेमतेम सव्वातीन फूट आत येते, तेही फरशीवर; एप्रिलच्या मध्यास ते दीड फुटावर येऊन ठेपते. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडेच जातो, आणि दक्षिणेच्या गॅलरीला थेट ऊन जवळजवळ मिळत नाही. म्हणजे आपल्या टोमॅटोला फुले आली तेव्हा हवेतली उष्णता वाढत होती आणि गॅलरीतले ऊन दिवसेंदिवस मागे सरत होते. रोपाला दोन्हीकडून मार बसला.

याच कारणाने मी दक्षिणेची गॅलरी रब्बीची गॅलरी मानते. सप्टेंबरच्या अखेरीस ऊन तिच्यात पुन्हा शिरू लागते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते उत्तम मिळते, आणि नेमक्या याच महिन्यांत पुण्याची हवा कोथिंबीर, मेथी, पालक, टोमॅटो व वाटाण्याला मानवते. पश्चिमेची गॅलरी असती तर मी निराळे सांगितले असते, कारण तेथे उन्हाळ्यात दुपारचे ऊन भट्टीसारखे असते व हिरव्या जाळीशिवाय काही टिकत नाही. पूर्वेच्या गॅलरीत बहुतेक सगळ्या पालेभाज्या वर्षभर निभावतात. उत्तरेच्या गॅलरीत अळू, पुदिना आणि मायाळू यांपलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. आपल्या गॅलरीतली एक साधी नोंद मात्र स्वतः करावी: सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता ऊन फरशीवर कोठवर आले हे खडूने आखून ठेवावे, आणि दर दोन महिन्यांनी ते पुन्हा आखावे. समोरच्या इमारतीची सावली कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

आता तिन्ही पिकांचे नेमके काय झाले ते पाहू. कोथिंबीर थंडीची भाजी आहे. तापमान चढले की ती उगवण्यात खंड पाडते, आणि उगवलीच तर पाने धरण्याऐवजी घाईने फुलावर जाते. धन्याच्या प्रत्येक दाण्यात दोन बिया असतात, म्हणून दाणे पाटावर पसरून लाटण्याने अथवा चपलेच्या तळाने हलके रगडावेत, दोन फाके व्हावेत एवढेच, पीठ होऊ नये. मग रात्रभर पाण्यात भिजवून पेरावेत. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, आणि पुष्कळ जण दहाव्या दिवशी धीर सोडून तो ट्रे उकरतात. टोमॅटोच्या बाबतीत दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उबदार असली, की परागकण नीट काम करीत नाहीत व फूल देठापासून गळते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा ३७-३८ अंशांवर सहज जातो. तेथे खत काहीच करू शकत नाही.

मिरचीची गोष्ट वेगळी आहे. पाने वरच्या बाजूला वाटीसारखी वळली असतील तर तो बहुधा फुलकिड्यांचा उपद्रव असतो, आणि खालच्या बाजूला वळून देठ लांबट झाले असतील तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी रसशोषक कीड, असतो. शेतकरी या दोहोंना, तसेच पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या विषाणूरोगालाही, चुरडा-मुरडा किंवा बोकड्या असे एकाच नावाने ओळखतात, म्हणून दुकानदाराला नुसते नाव सांगून औषध आणण्यात अर्थ नसतो. पान उलटून पाहावे लागते. युरियाने रोपांची वाढ लुसलुशीत होते, आणि लुसलुशीत शेंडा हे रसशोषक किडींना पंगतीचे आमंत्रणच असते. विषाणूची लागण झालेले रोप बरे होत नाही, ते उपटून टाकावे. फुलकिडे वा कोळी असतील आणि सुरुवातीलाच लक्षात आले, तर शेंडे खुडून रोप सावरते.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण शहरी बागेतील बहुतेक रोपे तहानेने नव्हे तर पाण्याने मरतात. आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी वाफसा हा नेमका शब्द आहे: जमिनीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी स्थिती. मूळ श्वास घेते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानेच भरून गेल्या तर ते काळे पडून सडते, आणि सडलेले मूळ पाणी ओढू शकत नसल्याने रोप वरून कोमेजलेले दिसते. मग आपण ते तहानलेले समजून आणखी पाणी घालतो. मेमधल्या दुपारी मान टाकलेले वांगे संध्याकाळी आपोआप ताठ होत असेल तर त्याला पाणी कमी नव्हते, ते फक्त उन्हापुढे नमले होते. सकाळीही ते तसेच असेल, तर मग कुंडीत बोट घालावे.

वाफसा ओळखण्याच्या माझ्या तीन परीक्षा आहेत. बोटाची दोन पेरे मातीत खुपसावीत. ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलू नये. मूठभर माती दाबून तिचा लाडू करावा आणि अंगठ्याने टोचावे; लाडू फुटला तर वाफसा आहे, चिखलासारखा चेपला तर पाणी जास्त आहे, आणि मुळात वळलाच नाही तर कमी. तिसरी परीक्षा सवयीने येते: लहान कुंडी हाताने किंचित उचलून तिच्या वजनावरून सांगता येते. हिवाळ्यात आपल्या गॅलरीत बारा इंची कुंडीला एक दिवसाआड पाणी पुरेल, एप्रिल-मेमध्ये रोज लागेल, आणि जुलैत आठवडेच्या आठवडे देऊ नये. पाणी सकाळी द्यावे, आणि बुडाच्या भोकातून थोडे झिरपेपर्यंत द्यावे. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच राहतात. टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो तोही प्रामुख्याने पाण्यातल्या अनियमिततेचा दोष असतो: कधी कोरडे, कधी चिंब असे झाले, की कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचे वा टँकरचे पाणी येत असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. तो क्षारांचा असतो. असा थर दिसला की तो खरवडून काढावा, आणि पहिल्या चांगल्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून धुऊन निघू द्याव्यात.

मातीचा प्रश्न आपण विचारला आहे, आणि त्याचे उत्तर थोडे अनपेक्षित वाटेल: माती जितकी कमी तितके बरे. पुण्याच्या आसपासची काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, चिकण व पाणी धरून ठेवणारी आहे. शेतात तो तिचा गुण आहे. कुंडीत ती पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात आक्रसून कडेपासून सुटते, मग दिलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. ‘लाल माती’ म्हणून पोत्यातून जे विकतात त्याची पारख करूनच घ्यावे. एकदा मी आणलेल्या सहा पोत्यांत निम्मा मुरूम निघाला होता. माझे मिश्रण असे असते: एक भाग पोयट्याची, म्हणजे गाळाची माती, एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट वा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजलेला पालापाचोळा, आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट घेतली तर ती भिजवून दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी, कारण पुष्कळदा तिच्यात मीठ असते.

कुंडीचा खालचा तिसरा हिस्सा मात्र या मिश्रणाने भरू नये. उन्हाळ्यात पुण्यात गल्लोगल्ली रसवंतिगृहे चालू असतात, आणि त्यांच्याकडील उसाचे चिपाड मागितले तर आनंदाने मिळते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून घरच्या काडीकचऱ्यापासून माती घडवण्याचा जो विचार महाराष्ट्रात रुजवला, त्याला धरून गच्चीवर भाजी करणाऱ्या कित्येकांनी चिपाड वापरले, आणि मीही तेथूनच शिकले. चिपाड तळाशी दाबून भरावे, त्यावर सुका पाला, त्यावर मिश्रण. एक पथ्य आवश्यक आहे: चिपाड कुजताना नत्र ओढून घेते, म्हणून ताज्या चिपाडावर लगेच लावलेली रोपे पिवळी पडतात. एप्रिलमध्ये भरलेली कुंडी सप्टेंबरपर्यंत तयार होते, आणि तोवर ती चार-सहा इंच खाली बसते. तेवढी वरून पुन्हा भरावी.

हे केवळ स्वस्त पडते म्हणून सांगत नाही. आपल्याला गच्चीचा कोपरा मिळाला आहे, आणि तेथे विटांचा वाफा बांधून माती भरण्याचा मोह होईल. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल वाफ्यात ओली माती सुमारे ४८० किलो होते. येण्या-जाण्यास मोकळ्या असलेल्या गच्चीचे संकल्पन भारतीय मानकानुसार साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून करतात. म्हणून मातीचे सलग वाफे गच्चीवर करू नयेत. भाजीचे प्लास्टिकचे क्रेट घ्यावेत, आतून हिरवी जाळी लावावी, त्यांत बहुतांश पाला-चिपाड व वर हलके मिश्रण भरावे, आणि ते खालच्या भिंतींच्या व तुळयांच्या ओळीत, विटांवर उचलून ठेवावेत. विटांमुळे खालून पाणी वाहून जाते व वॉटरप्रूफिंगला धक्का लागत नाही. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवून घ्यावे. खालच्या घरात ओल उतरली तर भाजीपेक्षा भांडणाचेच पीक मोठे येते.

पाला मिळवणे पुण्यात अवघड नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा सोसायट्यांमध्ये पोतीच्या पोती भरतात, आणि काही ठिकाणी ती जाळलीही जातात. पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर यांची बारीक पाने लवकर कुजतात. आंब्याची व सागाची चुरल्याशिवाय कुजत नाहीत. निलगिरीची मी घेत नाही. स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि हा सुका पाला एकाआड एक थरांनी क्रेटमध्ये टाकला, वरून ताकाचे पाणी शिंपडले आणि आठवड्यातून एकदा हलवले, की दोन-अडीच महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत होते. आंबूस वास आला तर पाला कमी पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पावसाळ्यात त्यात जाडसर करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये. त्या कचरा झपाट्याने खातात आणि रोपांच्या वाटेला जात नाहीत.

हे खत महिन्याला दोन मुठी मिळाले तर कुंडीतल्या भाजीला दुसरे फारसे काही लागत नाही. युरिया बंद करावा. जीवामृत करायचे असल्यास दहा लिटर पाण्याला अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर जिवंत माती हे प्रमाण घ्यावे, दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळावे आणि आठवड्याच्या आत दहापट पाण्यात मिसळून संपवावे. ते गच्चीवर करावे, गॅलरीत करू नये. खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार असावा.

वेलवर्गीय भाज्या गच्चीवरच लावाव्यात, आणि त्यांच्याबाबत एकच अडचण वारंवार ऐकू येते की वेलाला फुले भरपूर येतात पण फळ धरत नाही. दोडका, दुधी, काकडी, कारले यांना नर व मादी फुले वेगळी येतात. आधी काही दिवस नुसती नर फुले येतात, त्यात चिंतेचे काही नाही. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते. चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाश्या कमी येत असल्याने नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे लागते. काकडी, कारले व घोसाळे सकाळी उमलतात, तर दोडका, दुधी आणि पडवळ संध्याकाळी. सकाळी दोडक्याचे परागीभवन करायला गेलेल्या माणसाला मिटलेली फुले मिळतात आणि दोष बियाण्याला जातो. टोमॅटोचे फूल मात्र स्वयंपूर्ण असते, त्याच्या काठीला दुपारपूर्वी एक टिचकी पुरते. वालाचे गावठी वेल जूनमध्ये लावले तरी दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. श्रावणात नुसती पाने दिसतात म्हणून ते उपटू नयेत.

सुगंधी व औषधी रोपांचे फार सांगण्यासारखे नाही. मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळे फुटतात. तो अर्ध्या सावलीत, पसरट कुंडीत आणि एकटाच लावावा, कारण तो शेजाऱ्याला जगू देत नाही. गवती चहा, पानओवा व तुळस आपापले पाहून घेतात. परदेशी बेझिलचे कौतुक वाटत असेल तर तो आपल्या सब्ज्याचाच भाऊबंद आहे, हे लक्षात ठेवून तसाच वाढवावा. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडेल. ती फुलपाखराची असते. झाड मोठे असेल तर चार पाने तिला द्यावीत.

किडींसाठी घरी चिकट पिवळे सापळे आणि निंबोळी तेल एवढे पुरे. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर तेल व थोडे पातळ साबण घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारावे. मावा व पिठ्या ढेकूण थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि जुन्या टूथब्रशने निघतो. काकडीवर वा भोपळ्यावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, दिसू लागली तर आंबट ताक दहापट पाण्यात मिसळून फवारावे. भेंडीच्या शिरा पिवळ्या झाल्या, म्हणजे हळद्या आला, तर उपाय नाही. मोठा शत्रू मात्र पारवे आहेत. कोवळी मेथी ते एका सकाळी साफ करतात, म्हणून पेरल्या दिवसापासून दोन आठवडे क्रेटवर जाळी असावी.

आपला प्रश्न जुलैच्या शेवटी, पुष्य नक्षत्रात आला आहे, आणि ही वेळ सोयीची आहे. आत्ता गच्चीवर भेंडी आणि गवार पेरता येईल, अळूचे कांदे व मायाळू गॅलरीत लावता येतील. मेथी व कोथिंबीर या झिमझिम पावसात सडते, तिची घाई करू नये. मघा नक्षत्रात, म्हणजे १७ ऑगस्टनंतर, टोमॅटो, वांगी व मिरची यांचे बी ट्रेमध्ये टाकावे. टोमॅटोची रोपे २५-३० दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरा नक्षत्रात, कुंडीत लावण्याजोगी होतात, मिरचीला आठवडाभर अधिक लागतो. गॅलरीत ऊन शिरू लागेल तेव्हा ती स्थिरावलेली असतील, आणि डिसेंबरात फळे पिकतील. चौघांच्या घराला मिरचीची सहा व टोमॅटोची चार रोपे पुष्कळ होतात. हस्ताचा पाऊस ओसरला, की मेथी, पालक व कोथिंबीर पेरावी, पण सगळे क्रेट एकाच दिवशी पेरू नयेत. दर आठवड्याला एक याप्रमाणे चार क्रेट पेरले तर फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याला एखादी जुडी मिळत राहते. ऑक्टोबरातले चटके पहिल्या क्रेटला बसतील, तेव्हा त्यावर दुपारी जुने धोतर वा जाळी टाकावी.

फेब्रुवारीतल्या त्या कुंड्यांतली माती फेकून देण्याची गरज नाही. जुनी मुळे काढून टाकावीत, तिसरा हिस्सा नवे कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी, बुडाची भोके खिळ्याने मोकळी करावीत; पण या हंगामात तिच्यात टोमॅटो, वांगे किंवा मिरची लावू नये, कारण तिन्ही एकाच कुळातील असून एकीचे रोग दुसरीला लागतात. तेथे मेथी किंवा घेवडा लावावा, आणि नव्या टोमॅटोसाठी नव्याने भरलेली कुंडी ठेवावी.